मोटारीच्या तेलाचें गाळणें

घरीं मोटार असणें ही गोष्ट शहरांतील कुटुंबांना आतां नवलाची राहिलेली नाहीं. १९८३ सालच्या डिसेंबरांत मारुति ८०० ही लहान गाडी रस्त्यावर आली, तेव्हांपासून पगारावर संसार चालविणाऱ्या माणसालाहि आपल्या दारांत मोटार उभी राहील अशी आशा वाटूं लागली, आणि पुष्कळांची ती आशा फळासहि आली. परंतु मोटार घरांत आली म्हणून मोटारीचें ज्ञान घरांत आलें असें म्हणतां येत नाहीं. गाडीचा रंग, तिची बैठक, लिटरमागें ती किती किलोमीटर धांवते, यांची चर्चा आपण आवडीनें करतों. तिच्या पोटांत काय चालतें हें मात्र मिस्त्रीवर सोंपवून मोकळे होतों. मी पेशानें शिक्षक, एंजिनिअर नव्हे. तथापि जी वस्तु रोज वापरावयाची तिचें कार्य निदान ढोबळपणें तरी समजून घ्यावें, असें मी वर्गांत मुलांना सांगत आलों, आणि तेंच आज आपणांस सांगणार आहें. विषय आहे पाणी पिण्याच्या पेल्याएवढा एक पत्र्याचा डबा. त्याला ऑइल फिल्टर म्हणतात. आपण त्याला तेलाचें गाळणें म्हणूं. विजेवर चालणाऱ्या मोटारींत एंजिनाच्या तेलाचें हें गाळणें नसतें. माझें बोलणें पेट्रोल व डीझेल जाळणाऱ्या गाड्यांविषयीं आहे.

प्रथम तेलाचें काम पाहूं. एंजिन चालूं असतांना त्याचा मुख्य दांडा, म्हणजे क्रँकशाफ्ट, मिनिटास दोन-तीन हजार फेरे सहज घेतो. हा दांडा ज्या बेअरिंगांत फिरतो त्यांचा धातु व दांड्याचा धातु यांनीं एकमेकांस शिवतां कामा नये. पंप दाबानें तेल पाठवितो, आणि त्या तेलाच्या पातळ पापुद्र्यावर दांडा अक्षरशः तरंगत राहतो. हा पापुद्रा किती पातळ असतो? मिलिमीटरचे हजार भाग करावे. त्यांतील एका भागास मायक्रॉन म्हणतात. माणसाच्या डोक्याचा केस सुमारें ७० मायक्रॉन जाड असतो. तेलाचा हा पापुद्रा पुष्कळदां थोड्याच मायक्रॉनांचा असतो. त्यांत जर एखादा कठीण कण शिरला, तर जात्यांत खडा सांपडल्यावर जें व्हावयाचें तेंच तेथें होतें. फरक एवढाच कीं, जात्यांतील खडा आवाज करतो, आणि हा कण मुकाट्यानें धातु खरवडीत राहतो.

आतां हे कण येतात कोठून? रस्त्यावरील धुळीचा अगदीं बारीक अंश हवेच्या गाळण्यांतूनहि आंत शिरतो. इंधन जळतांना काजळी होते, ती पिस्टनच्या कडेनें खालीं तेलांत उतरते. धातु कितीहि जपला तरी थोडा झिजतोच. त्याचा कीस तेलांत मिसळतो. मोटारीच्या आरंभींच्या काळांत यावर जाड जाळीखेरीज दुसरा उपाय नव्हता, आणि म्हणून तेल वरचेवर बदलावें लागे. १९२३ सालीं अमेरिकेंत अर्नेस्ट स्वीटलंड व जॉर्ज ग्रीनहाल्घ यांनीं मोटारीसाठीं तेलाचें गाळणें सिद्ध केलें. ‘प्युअर ऑइल लेटर’, म्हणजे ‘तेल पुढेंहि शुद्ध’, या शब्दांवरून त्यांनीं त्याला ‘प्युरोलेटर’ असें नांव दिलें. १९२४ च्या क्रायस्लर गाडींत तेलाचें गाळणें मुळांतच बसवून मिळूं लागलें. त्या काळच्या गाळण्यांतून तेलाचा फक्त कांहीं भाग जात असे. आजच्या गाड्यांत बेअरिंगांकडे निघालेलें सगळें तेल प्रथम गाळण्यांतून जातें. सगळें जातें, असें मी म्हटलें खरें. पण याला एक अपवाद आहे, आणि माझ्या भाषणाचा सारा मुद्दा त्या अपवादांतच आहे.

तो कळण्यासाठीं डब्याच्या आंत डोकावूं या. डब्याच्या तोंडाशीं मधोमध आट्यांचें एक मोठें भोंक असतें व त्याच्याभोंवतीं लहान भोंकांचें एक वर्तुळ असतें. तेल लहान भोंकांतून आंत शिरतें, चुण्या घातलेल्या खास कागदांतून बाहेरून आंत झिरपतें, आणि मधल्या भोंकानें बाहेर पडून बेअरिंगांकडे जातें. चुण्या एवढ्याचसाठीं कीं, लहान डब्यांत कागदाचें क्षेत्रफळ पुष्कळ मिळावें. नेसत्या लुगड्याच्या निऱ्यांचें तत्त्वच तें. लहान भोंकांच्या आंतल्या बाजूस रबराचा एक पातळ पडदा असतो. एंजिन थांबलें कीं तो मिटतो, आणि डब्यांतील तेल खालीं ओघळून जाऊं देत नाहीं. त्यामुळें सकाळीं गाडी सुरू करतांच बेअरिंगांना ताबडतोब तेल मिळतें.

यांखेरीज आणखी एक झडप असते, स्प्रिंगनें दाबून धरलेली. तिचें काम असें: कागद घाणीनें तुंबला, किंवा थंडींत तेल घट्ट झालें, आणि तेलाला कागदांतून वाट मिळेनाशी झाली, म्हणजे ही झडप उघडते व न गाळलेलें तेल तसेंच पुढें सोडते. हाच तो अपवाद. ही योजना अत्यंत शहाणपणाची आहे. कारण बेअरिंगाला मळकें तेल मिळालें तर तें हळूहळू झिजेल, पण तेलच मिळालें नाहीं तर कांहीं मिनिटांत त्याचा नाश होईल. दोन अनिष्टांतून कमी अनिष्ट निवडण्याचा हा प्रकार आहे. परंतु याचा परिणाम लक्षांत घ्या. घरांतील पाण्याचें गाळणें तुंबलें कीं धार बारीक होते आणि आपल्याला समजतें. मोटारीचें गाळणें तुंबलें तर गाडी पूर्वीसारखीच धांवते. वेग कमी होत नाहीं, दिवा लागत नाहीं, आवाज होत नाहीं. ज्या दिवशीं गाळण्यानें काम सोडलें त्या दिवशीं तें आपणांस कांहींच कळवीत नाहीं. म्हणून गाडीनें तक्रार केल्यावर गाळणें बदलूं, हा विचारच चुकीचा आहे. तें मुदतीनें बदलावयाचें असतें.

मुदत कोणती, हें गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेंत छापलेलें असतें. अनेक पेट्रोल गाड्यांना दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकीं जें आधीं येईल तें, अशी मर्यादा असते. ‘जें आधीं येईल तें’ हे चार शब्द आपण वाचतों, पण मनावर घेत नाहीं. माझ्या परिचयाच्या एका वृद्ध गृहस्थांची गाडी वर्षाकांठीं दोन हजार किलोमीटरहि जात नसे. भाजीबाजार, बँक, फार तर स्टेशन. दहा हजार पुरे झाले कीं तेल बदलूं, असा त्यांचा हिशेब. पांचवें वर्ष लागलें तरी तो हिशेब पुरा झाला नाहीं. अखेर एके दिवशीं एंजिनांतून खडखड ऐकूं येऊं लागली. गॅरेजांत उघडून पाहिलें तों आंत डांबरासारखा गाळ. डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठीं राखून ठेवलेली रक्कम दुरुस्तींत गेली, आणि शस्त्रक्रिया सहा महिने लांबली. गाडी कमी फिरविली म्हणून ती सुरक्षित राहिली, ही त्यांची समजूत होती. वस्तुस्थिति उलट आहे. दोन-तीन किलोमीटरांच्या फेरींत एंजिन पुरतें तापतच नाहीं. जळणांतून झालेली वाफ व कच्चें पेट्रोल तेलांत राहतें, त्यांपासून आम्लें व गाळ होतो. पाणी, आम्ल व पेट्रोल यांना कागदाचें गाळणें अडवूं शकत नाहीं. तें फक्त घन कण अडवितें, आणि त्यांतलेहि अगदीं बारीक असतील ते पुष्कळसे निसटतात. यावरून दोन गोष्टी ठरतात. नुसतें गाळणें बदलून जुनें तेल नवें होत नाहीं. आणि नवें तेल जुन्या गाळण्यांतून फिरविणें म्हणजे धुतलेला सदरा मळक्या पेटींत ठेवण्यासारखें आहे. दोन्हीं एकदमच बदलावीं.

हें काम घरीं करतां येतें, अथवा गॅरेजांत समोर उभें राहून करवून घेतां येतें. कसेंहि केलें तरी क्रम माहीत असावा. गाडी सपाट जागीं उभी करून हातब्रेक लावावा व चाकांना अटकाव द्यावा. एंजिन थोडें कोमट करून बंद करावें. फार तापलेलें तेल हात भाजतें. गाडी उचलावी लागली तर ती भक्कम घोड्यांवर टेकवावी. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखालीं कोणीं कधींहि शिरूं नये. चेंबरच्या तळाचा बोल्ट काढून तेल भांड्यांत सोडावें. नंतर जुना डबा उलट्या दिशेनें फिरवून काढावा; हातानें निघाला नाहीं तर पट्ट्याचा पाना वापरावा. येथें एक गोष्ट डोळ्यांनीं पाहिलीच पाहिजे: डब्याच्या तोंडाचें रबरी कडें डब्याबरोबर निघालें कीं एंजिनालाच चिकटून राहिलें? तें तसेंच राहून त्यावर नवें कडें बसलें, तर दाबाखालीं तेल बाहेर फेंकलें जातें व थोड्याच वेळांत एंजिन कोरडें पडतें. बसवण्याची जागा फडक्यानें स्वच्छ पुसावी. नव्या कड्याला बोटानें ताजें तेल लावावें, आणि डबा हातानेंच फिरवावा. कडें टेकल्यावर सामान्यतः आणखी पाऊण फेरा पुरे होतो. नेमकें प्रमाण डब्यावर छापलेलें असतें. पान्यानें आंवळूं नये. तळाचा बोल्ट नव्या वॉशरसह घट्ट करावा, पुस्तिकेंत सांगितलेल्या जातीचें तेल सांगितलें तेवढेंच भरावें, आणि एंजिन सुरू करावें. तेलाचा तांबडा दिवा कांहीं सेकंदांत विझला पाहिजे. खालीं गळती नाहीं ना हें पाहून एंजिन बंद करावें, थोडा वेळ थांबावें, आणि डिपस्टिकनें पातळी तपासावी.

गॅरेजांत काम करविणाऱ्यांनीं दोन गोष्टी मागाव्यात, आणि त्या मागण्यांत संकोच मानूं नये. पहिली, नव्या डब्याची पेटी आपल्यासमोर उघडली जावी. नकली डबे बाहेरून हुबेहुब असतात. आंत चुण्या थोड्या आणि झडप कामचलाऊ. दुसरी, काढलेला जुना डबा आपल्याला दाखविला जावा. प्रामाणिक मिस्त्रीला याचा राग येत नाहीं. उलट मालक जाणता आहे हें पाहून तो समजावून सांगूं लागतो.

काढलेलें काळें तेल गटारांत किंवा झाडाच्या बुंध्याशीं ओतणें हा अपराध समजावा. २०१६ च्या केंद्रीय नियमांनीं वापरलेलें तेल घातक कचऱ्यांत गणलें आहे. तें झांकणाच्या डब्यांत भरून, जुनें गाळणें निथळून, दोन्हीं अधिकृत रीतीनें तेल परत घेणाऱ्या गॅरेजाकडे पोंचतीं करावीं.

शेवटीं तांबड्या दिव्याविषयीं एक सूचना. हा दिवा गाळणें तुंबल्याचें सांगत नाहीं. तो दाब नाहींसा झाल्याचें सांगतो. गाडी चालत असतां तो लागला, तर पुढच्या पंपापर्यंत जाऊं, असें म्हणूं नये. सुरक्षित जागीं थांबून एंजिन तत्काळ बंद करावें. ही सूचना गाडी चालविणाऱ्या घरांतील प्रत्येकास, मुलामुलींसहि, सांगून ठेवावी.

आपल्या घरीं वीजबिलाची तारीख ठरलेली असते, विम्याची ठरलेली असते. त्याच कॅलेंडरावर गाळण्याचीहि एक तारीख लिहावी, आणि ती आली कीं गाडी किती चालली हें न विचारतां काम उरकावें. खर्च थोडा असतो, आणि तो टाळल्यानें होणारें नुकसान, त्या वृद्ध गृहस्थांचें झालें तसें, केवळ गाडीपुरतें राहत नाहीं.