जिन्याला घाबरू नका



गिरगावात आणि लालबाग-परळच्या गिरणगावात कित्येक पिढ्या चाळींचे लाकडी जिने चढत-उतरत मोठ्या झाल्या. आता चाळी जाऊन टॉवर आले, लिफ्ट आली आणि घराघरांत एक वाक्य ऐकू येऊ लागलं, "आई, जिना नको, गुडघे झिजतील. तू बसून राहा." सांगणाऱ्याच्या मनात माया असते, पण गुडघ्याचं नुकसान या बसून राहण्यानंच जास्त होतं.

गुडघ्यात हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. त्यात रक्तवाहिन्या नसतात. त्याला पोषण मिळतं ते सांध्यातल्या द्रवातून. आपण चालतो तेव्हा स्पंज दाबून सोडावा तसा हा द्रव कूर्चेत ये-जा करतो. हालचाल थांबली की कूर्चेची उपासमार होते आणि मांडीचे स्नायूही रोडावतात. मग सगळा भार सांध्यावर येतो.

म्हणून मांडी बळकट ठेवा. खुर्चीत बसून एक पाय सरळ करा, 5 आकडे मोजा, सावकाश खाली ठेवा. दोन्ही पायांनी 10-10 वेळा. संध्याकाळची मालिका बघतानाही हे जमतं. शिवाजी पार्कचा कट्टा गप्पांना छानच, पण आधी मैदानाला फेरी मारा. वजन जास्त असेल तर 1 किलो उतरवलं, की दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे 4 किलोंनी हलका होतो.

गुडघा दुखतोच आहे? मग जिना चढताना चांगला पाय आधी टाका, उतरताना दुखरा, आणि हात कठड्यावर ठेवा. मोरीत उकिडवं बसून कपडे धुऊ नका, स्टूल घ्या.

तरुण मुलांना माझं कळकळीचं सांगणं आहे. कबड्डीत किंवा गोविंदाच्या सरावात गुडघा मुरगळून सुजला, तर नुसता पट्टा बांधून दुसऱ्या दिवशी उतरू नका. लिगामेंट फाटलेला गुडघा लवकर झिजण्याचा धोका मोठा असतो.

हे झालं सांध्याच्या झिजेचं. आमवाताचं मात्र वेगळं. त्यात शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते. धूम्रपान करणाऱ्यांना त्याचा धोका अधिक. सकाळी बोटं सुजलेली, आखडलेली असतील आणि मोकळी व्हायला तासभर लागत असेल, तर दुकानातल्या वेदनाशामक गोळ्यांवर महिने काढू नका. परळच्या केईएममध्ये किंवा जवळच्या डॉक्टरांकडे लगेच जा. आमवातानं एकदा वाकडा झालेला सांधा औषधानं पुन्हा सरळ होत नाही.