हप्ता पाच वर्षांचा, पॅनेल किती वर्षांचं?

आम्ही काटोलकडच्या बचत गटाच्या बाया. मसाला कांडपाची मशीन सोलरवर चालवावी म्हणून आम्ही कर्जाचं बघतोय. बैठकीत एक ताई म्हणाली, "रंगासारखं काचेवर लावायचं नवं स्वस्त सोलर येतंय म्हणे. थांबायचं का?"

प्रश्न रास्त आहे. त्या नव्या सोलरला पेरोव्स्काइट म्हणतात. २००९ साली ते उन्हातली जेमतेम ३.८ टक्के ऊर्जा विजेत बदलायचं. आता प्रयोगशाळेतल्या नखाएवढ्या तुकड्यात हे प्रमाण २५ टक्क्यांवर गेलंय. घोडं अडतं ते टिकण्यापाशी.

आत केसाहून पातळ थर एकावर एक असतात. त्यातला एक धातूच्या ऑक्साइडचा, तयार झालेली वीज बाहेर नेणारा. बहुतेकदा टायटॅनियमचं ऑक्साइड, म्हणजे भिंतीच्या पांढऱ्या रंगात असतं तेच. बाहेरच्या जुन्या भिंतीवर हात फिरवला की पांढरी भुकटी लागते ना? उन्हातल्या अतिनील किरणांनी हे ऑक्साइड रंगातला चिकटपणा खातं. सोलरमध्येही ते शेजारच्या थराला तसंच पोखरतं. जस्ताचं ऑक्साइड, आपल्या मलमातलं, घ्यावं तर तापल्यावर शेजारचा थर नासतो. कथिलाचं ऑक्साइड त्यातल्या त्यात गुणी. पण ओल शिरली की सगळंच बिघडतं.

पॅनेलची एक परीक्षा असते: ८५ अंश उष्णता, ८५ टक्के दमटपणा, सलग १००० तास. आपल्याकडे मे महिन्यात हवाच ४५ अंशांवर जाते, छतावरचं पॅनेल त्याहून कितीतरी तापतं. आणि पाठोपाठ पावसाळा!

आजचं सिलिकॉनचं पॅनेल जुनं, पारखलेलं. तरी मुंबईच्या आयआयटीनं २०१३, २०१४ आणि २०१६ साली देशभरची पॅनेल तपासली, तेव्हा उष्ण भागातली लवकर मंदावलेली दिसली.

म्हणून आम्ही थांबणार नाही, सिलिकॉनचंच घेणार. पण विक्रेत्याला दोन गोष्टी लेखी मागणार. पॅनेल फुटलं, बिघडलं तर किती वर्षं बदलून देणार, आणि २५ वर्षांनी किती टक्के वीज मिळेल. या दोन वॉरंट्या वेगळ्या असतात, बरं का. शिवाय पॅनेल छताला चिकटवू नका, खालून वारा खेळू द्या. धुवायचं ते सकाळीच. तापलेल्या काचेवर गार पाणी नको.

तीन ठिकाणची दरपत्रकं मागवली आहेत. पुढच्या बैठकीत वॉरंटीचे कागद सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचू, मगच सही.