मत्स्यालयांतील दुखणें

कोळीण पाटी घेऊन दारांत आली म्हणजे घरची गृहिणी प्रथम माशाचा कल्ला उचलून पाहते. कल्ला लालभडक असला तर मासा ताजा, फिकट किंवा काळपट असला तर शिळा, ही परीक्षा किनाऱ्यावरच्या घरांना कोणी शिकवावी लागत नाहीं. समुद्रांतील रंगीत मासे कांचेच्या पेटींत पाळण्याची हौस आतां शहरांतील पुष्कळ घरांत आढळते. परंतु त्या पेटींतला मासा आजारी पडला म्हणजे त्याच घरांतील माणसें कल्ल्याकडे पाहावयाचें विसरतात आणि अंगावरचे ठिपके मोजीत बसतात. निदानांतील पहिली चूक होते ती येथें.

नेहमीं घडणारा प्रकार असा. पेटींत चार मासे महिनोन् महिने सुखानें नांदत असतात. एके दिवशीं बाजारांतून पांचवा मासा येतो आणि मुलांच्या आग्रहामुळें लगेच पेटींत सोडला जातो. आठवड्याच्या आंत त्याच्या परांवर मिठाचे कण शिंपडावे तसे पांढरे ठिपके दिसूं लागतात. तो अंग दगडावर घासतो. घाईघाईनें कसलें तरी औषध आणून चार थेंब पेटींत टाकले जातात, आणि दोन-तीन दिवसांत ठिपके नाहींसे होतात. घरांत आनंद होतो, औषधाची वाखाणणी होते. पण पुढच्या पंधरवड्यांत पांचही मासे ठिपक्यांनीं भरून जातात, अन्न सोडतात, पाण्याच्या पृष्ठभागाशीं येऊन धापा टाकतात, आणि एकामागून एक तळाशीं पडतात.

मग पहिल्या खेपेस ठिपके गेले ते कशानें? औषधानें नव्हे. ते आपल्या ठरलेल्या वेळीं गेले, इतकेंच.

हा रोग ज्याच्यामुळें होतो तो एक सूक्ष्म, एकपेशीय परोपजीवी प्राणी आहे. १९३७ सालीं जपानांत सिकामा यांनीं त्याचें वर्णन केलें, आणि १९५१ सालीं लंडनमध्यें ब्राउन यांनीं त्यास ‘क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स’ हें नांव दिलें. गोड्या पाण्यांतील माशांनाही असेच पांढरे ठिपके येतात. परंतु त्यांचा कर्ता निराळा असून दोघांचें नातें दूरचें आहे. म्हणून गोड्या पाण्यांतला अनुभव येथें जसाच्या तसा चालत नाहीं.

या प्राण्याचें आयुष्य तीन मुक्कामांत विभागलेलें असतें. पहिला मुक्काम माशाच्या त्वचेखालीं व कल्ल्यांत. तेथें तो तीन ते सात दिवस माशाच्या अंगावर पुष्ट होतो. डोळ्यांस दिसणारा ठिपका तो हाच. पोट भरलें कीं तो मासा सोडतो, पेटीच्या तळाशीं जातो आणि स्वतःभोंवतीं कठीण कोश बांधून घेतो. हा दुसरा मुक्काम. कोशाच्या आंत त्याचे विभाग होत राहतात व एकाचे शंभर-दोनशे होतात. कोश फुटला म्हणजे तीं पिलें पोहत निघतात, आणि एक-दोन दिवसांत मासा गांठला नाहीं तर मरतात. हा तिसरा मुक्काम. अफाट समुद्रांत बहुतेक पिलांना मासा सांपडतच नाहीं. हातभर लांबीच्या पेटींत मात्र त्यांना मासा चुकत नाहीं, आणि माशासही पळून जाण्यास जागा नसते. तात्पर्य, ठिपके गेले याचा अर्थ रोग गेला असा नसून रोग तळाशीं उतरला असा आहे.

असें असलें तरी प्रत्येक दुखण्याचा दोष या प्राण्याच्या माथीं मारूं नये. प्रथम पाणी तपासावें. पेटींतील सगळेच मासे कांहीं तासांत एकदम धापा टाकूं लागले, तर संशय पाण्यावर घ्यावा. अमोनिया किंवा नायट्राइट वाढलें असेल, अथवा पाण्यांतील प्राणवायु कमी पडला असेल. एक मासा आज, दुसरा चार दिवसांनीं, अशा क्रमानें दुखणें पसरलें, तर तो संसर्ग समजावा. ठिपके मिठाच्या कणांएवढे व सुटेसुटे असले तर वर सांगितलेला रोग. अंगावर बारीक धूळ बसल्यासारखें सोनेरी पटल आलें तर तो ‘मखमली रोग’. याचा परोपजीवी ब्राउन यांनींच १९३१ सालीं वर्णिला होता, आणि तो कित्येकदां थोड्याच दिवसांत सारी पेटी रिकामी करतो. दोन्ही रोगांत पहिला हल्ला पुष्कळदां कल्ल्यांवर होतो. अंग स्वच्छ दिसत असतांही मासा गुदमरून मरूं शकतो. म्हणून निरोगी दिवसांतच माशाचे कल्ले मिनिटास किती वेळां हलतात हें मोजून ठेवावें. ती संख्या एकाएकीं वाढली तर ठिपक्यांची वाट पाहूं नये.

उपचार करावयाचा तो निराळ्या पेटींत. तींत वाळू व दगड नसावे, हवेची सोय मात्र चांगली असावी. तांब्याचें औषध जुनें व खात्रीचें आहे. तांब्याचा अंश लिटरमागें सुमारें ०.१५ ते ०.२५ मिलिग्रॅम ठेवतात. तो हळूहळू वाढवावा, रोज मोजावा, आणि तीन आठवडे टिकवावा. कमी झाला तर गुण नाहीं, वाढला तर माशासच विषबाधा. हेंच तांबें मुख्य पेटींत घातलें तर प्रवाळ, कोळंबी व शंख मरतात, आणि चुनखडीचे दगड तें शोषून घेतात. दुसरा उपाय खारटपणा उतरविण्याचा. समुद्राच्या पाण्यांत लिटरमागें सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. ते क्रमाक्रमानें १५ च्या खालीं आणून तीन-चार आठवडे ठेवल्यास पांढऱ्या ठिपक्यांचा प्राणी सहसा तग धरीत नाहीं. मखमली रोगावर मात्र हा उपाय भरंवशाचा नाहीं. तिसऱ्या उपायास औषधच लागत नाहीं. दर तीन दिवसांनीं मासा स्वच्छ, कोरड्या केलेल्या पेटींत नव्या पाण्यांत हलवावयाचा, असें चार वेळां. ठिपके गळून तळाशीं जातात, पण कोश फुटण्यापूर्वींच मासा तेथून निघून गेलेला असतो.

एवढें झाल्यावर घरांतील सर्वांच्या धीराची कसोटी लागते. मुख्य पेटी माशांवांचून रिकामी ठेवावी लागते. प्रवाळ व कोळंबी तींत राहूं शकतात, कारण या परोपजीवीस मासाच लागतो. सहा आठवडे हें कमींत कमी. पण प्रयोगांत कांहीं कोश ७२ दिवसांनींही फुटल्याची नोंद असल्यामुळें सावध माणसें अकरा आठवडे थांबतात. बरा झालेला मासा दिव्याखालीं पुन्हां झळकूं लागला कीं मुलें रोज विचारतात, ‘आतां सोडूं का?’ तेव्हां नाहीं म्हणणें हाही उपचारच होय. 

दुखण्यांतून उठलेल्या माशास कांहीं महिने प्रतिकारशक्ति राहते, परंतु थोडे परोपजीवी त्याच्या अंगावर लपून असूं शकतात. यास्तव प्रत्येक नवा मासा, तो कितीही तजेलदार दिसो, चार-सहा आठवडे निराळा ठेवूनच घरांत घ्यावा. समुद्रांतून आणलेल्या जीवास ओरडतां येत नाहीं आणि पेटींतून निघूनही जातां येत नाहीं. त्याचा श्वास मोजण्याचें काम ज्यानें त्याला घरीं आणलें त्याच्याकडेच येतें.