कलमवार यादी



वडनेर भोलजीच्या या मांडवात बोलण्याचे निमंत्रण आले तेव्हा चालकांनी विषय विचारला. आम्ही म्हणालो, "संगणकातली यादी बाहेर काढणे." ते जरा गप्पच झाले. युनियनवाल्याने भांडवलशाहीवर बोलावे अशी रीत आहे. पण आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे जे शिकलो ते गरज पडली म्हणून, आणि ही विद्याही तशीच पदरात पडली.

हकीगत अशी. हमालांची आणि जिनिंगमधल्या मजुरांची हजेरी आम्ही तीन वर्षे एका विकतच्या प्रोग्रॅममध्ये ठेवली होती. नावाखाली महिने, महिन्याखाली दिवस, दिसायला देखणी. सुनावणी आठ दिवसांवर आली आणि प्रोग्रॅमची मुदत संपली. पडद्यावर नावे दिसत, पण बेरीज होईना, छापता येईना. घाम आमच्या माणसांचा आणि किल्ली दुसऱ्याच्या कमरेला! चौघे जण रात्री जागून वहीत उतरवीत बसलो. दोन महिन्यांची हजेरी राहिली ती राहिलीच, आणि तेवढी मजुरी मागण्यातून गळाली. मुदत होती तोवर मेनूत 'एक्स्पोर्ट' हा शब्द होता. आम्हाला वाटे, तो कापसाच्या व्यापाऱ्यांसाठी असावा.

थट्टा सोडा, पण दृष्टांत खरा आहे. सरकी काढून रुईची गठाण बांधली की ती कोणत्याही गिरणीत कातता येते. साधा मजकूर म्हणजे अशी गठाण. ठसा, रंग, चौकटी गेल्या. अक्षरे आणि त्यांची पायरी तेवढी उरली.

कलमवार मांडणी आपल्याला नवी नाही. पेशवे दप्तरात कलमवार याद्या आहेत. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवून फॅक्टरी कमिशनकडे अर्ज दिला, त्यावर साडेपाच हजार सह्या होत्या. रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, कामाचे तास, पगाराची तारीख, जखमी कामगाराची सोय, असे प्रत्येक मागणे वेगळे. वेगळे होते म्हणून एकेकाचे उत्तर मागता आले. रविवारची सुटी १८९० साली पदरात पडली.

आता आमची यादी पाहा.

हमाल १२
	मार्च
		भरले २२
		मिळाले १८

एका ओळीत एक बाब, आणि खोली दाखवायला टॅब. स्क्रिप्ट म्हणजे आपण स्वतः लिहिलेला वीस-पंचवीस ओळींचा हुकूम. तो ओळीच्या आरंभीचे टॅब मोजतो. टॅब नसला तर नाव लक्षात ठेवतो. एक असला तर महिना. दोन असले तर आकडा त्या नावाला आणि त्या महिन्याला जोडतो. मग हवी तशी मांडणी करा, माणसावार किंवा महिनावार. तलाठ्याचा सातबारा जमिनीवार असतो आणि आठ-अ खातेदारवार. माहिती तीच, रचना निराळी.

बाहेर काढताना पर्याय दिसतील. मार्कडाउन २००४ सालचे, ओपीएमएल २००० सालचे. ओळीखाली लांब टिपा असतील तर ओपीएमएल घ्या. साध्या टॅबच्या यादीत टीप ही नवी बाब समजली जाते. मजकूर यूटीएफ-८ मध्येच ठेवा, कारण जुन्या फॉन्टांतले मराठी आतून रोमन अक्षरांचेच असते आणि फॉन्ट गेला की गोंधळ उरतो. आकड्यांचेही तसेच. देवनागरी '२२' पायथॉनला कळते. ऑक नावाच्या जुन्या हत्याराला ते शून्य वाटते. मजुराच्या बावीस दिवसांचे शून्य करणारे हत्यार आम्ही तरी वापरत नाही.

तरी एकदा फसलोच. कचेरीतल्या मुलाने टॅबऐवजी स्पेसबार दाबला. स्क्रिप्टला 'एप्रिल' हे माणसाचे नाव वाटले, आणि एप्रिल नावाचा नवा हमाल आमच्या हजेरीवर उभा राहिला! हमाल बाराचे एप्रिलचे सगळे दिवस त्याच्या नावावर गेले. बेरीज सुबक होती, कोणाला संशय आला नाही. बारा क्रमांकाच्या गड्याला अक्षरओळख नाही. आम्ही यादी मोठ्याने वाचली तेव्हा तो बोटांची पेरे मोजत उठला आणि म्हणाला, "भाऊ, माहा एप्रिल कुठी गेला?"

त्यानंतर हुकमात दोन ओळी वाढविल्या. नावानंतर महिना न येता एकदम आकडा आला, म्हणजे मधली पायरी चुकली, तर स्क्रिप्ट थांबते आणि ओळीचा क्रमांक सांगते. पण महिनाअखेरचे वाचन आम्ही सोडलेले नाही. दर शनिवारी यादी बाहेर काढतो. एक प्रत पेन ड्राइव्हवर, एक छापून कचेरीच्या भिंतीवर. परवा तिथे कोणीतरी पेन्सिलीने आपला एक दिवस वाढविलेला दिसला. चौकशी केली. दिवस खरा होता. तो मूळ यादीत घातला.