तापसाच्या हातातला कंदील

(वसंत व्याख्यानमालेत त्र्यंबकेश्वर येथे दिलेले व्याख्यान)



न्यायमूर्ती रानडे यांनी 1875 साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. तेव्हापासून उन्हाळ्याच्या संध्याकाळी चार माणसांनी एकत्र बसून एखादा विषय ऐकायचा, ही आपल्याकडची चांगली रीत झाली आहे. आज माझा विषय आहे एक पत्ता. टॅरो नावाच्या पाश्चात्त्य पत्त्यांमधला नववा पत्ता, हर्मिट. आपण त्याला तापस म्हणू. ज्योतिर्लिंगाच्या क्षेत्री परदेशी पत्त्याची चर्चा कशाला, असे काहींच्या मनात येईल. माझे उत्तर असे, की या पत्त्यावरच्या चित्राचा अर्थ लावायला ब्रह्मगिरीच्या पायथ्याइतकी योग्य जागा मला दुसरी माहीत नाही.

आधी या पत्त्यांविषयी थोडे. टॅरोचा जन्म पंधराव्या शतकात उत्तर इटलीत झाला, आणि तोही खेळ म्हणून. सावंतवाडीचा गंजिफा जसा खेळायचा, तसाच हाही खेळायचा. भविष्य सांगण्यासाठी या पत्त्यांचा सर्रास वापर होऊ लागला तो अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. 1781 मध्ये फ्रान्समधल्या कूर द जेबलँ यांनी या पत्त्यांत प्राचीन इजिप्तची विद्या दडली आहे असे लिहिले. त्याला पुरावा नव्हता, पण कल्पना लोकांच्या मनात बसली ती बसलीच. जोडात 78 पत्ते असतात. त्यांतले 22 मोठे चित्रपत्ते, आणि त्यांत आपला हा तापस. आज सर्वांत जास्त वापरला जाणारा जोड लंडनमध्ये 1909 साली निघाला. आर्थर एडवर्ड वेट यांनी तो योजला आणि पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीने रंगवला.

आता त्या जोडातला तापस जवळून पाहू. बर्फाच्या शिखरावर एक म्हातारा उभा आहे. अंगावर डोक्यापासून पायापर्यंत करड्या रंगाची कफनी, लांब पांढरी दाढी, डाव्या हातात उंच काठी. उजवा हात पुढे केलेला, आणि त्या हातात कंदील. कंदिलात ज्योतीच्या जागी सहा टोकांचा तारा आहे. आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. तो आकाशाकडे पाहत नाही. त्याची मान खाली झुकली आहे, नजर उताराकडे आहे. शिखर गाठलेला माणूस खाली कोणाकडे बघतो आहे, हा या चित्राने विचारलेला प्रश्न आहे.

हे चित्र असे एकदम जन्माला आले नाही. मिलानच्या ड्यूकच्या घराण्यासाठी पंधराव्या शतकात जो सोनेरी जोड रंगवला गेला, त्यात या म्हाताऱ्याच्या हातात कंदील नाही, वाळूचे घड्याळ आहे. म्हणजे तेव्हा तो काळाचे चित्र होता: दिवस सरत चालले आहेत, सावध हो. पुढे फ्रान्समधल्या मार्सेय पद्धतीच्या पत्त्यांत घड्याळ जाऊन कंदील आला. पण त्या धाटणीच्या पत्त्यांत हा कंदील झग्याच्या आड अर्धामुर्धा झाकलेला. गूढवाद्यांनी त्यावरून अर्थ काढला, की ज्ञान अनधिकाऱ्यापासून लपवून ठेवायचे असते. वेट यांनी हा अर्थ मानला नाही. आपल्या पुस्तकात त्यांनी मुद्दाम नोंदवले आहे, की या चित्रात आपण एकच बदल केला: दिवा झग्यात गुंडाळलेला नाही. मी जेथे पोहोचलो तेथे तुम्हीही येऊ शकता, असे तो दिवा सांगतो, असा त्यांचा भाव आहे.

घड्याळ, झाकलेला दिवा, उघडा दिवा. चार-साडेचारशे वर्षांत एका पत्त्याने केलेला हा प्रवास आहे. पहिला तापस मृत्यूची आठवण देतो, दुसरा ज्ञान राखून ठेवतो, तिसरा ते पुढे धरतो. माझ्या मते पत्त्याचा खरा अर्थ या तिसऱ्या तापसात आहे, आणि त्याचे जिवंत उदाहरण आपल्या गावात आहे.

श्रोतेहो, आळंदीचे विठ्ठलपंत कुटुंबासह त्र्यंबकला आले, ती कथा आपल्यापैकी बहुतेकांना आजी-आजोबांकडून ऐकून पाठ आहे. संन्यास घेऊन पुन्हा संसारात आलेला माणूस म्हणून समाजाने त्यांना वाळीत टाकले होते. ब्रह्मगिरीची फेरी चालू असताना वाघ समोर आला, पळापळ झाली आणि त्यांचा थोरला मुलगा निवृत्ती चुकला. तो शिरला एका गुहेत, आणि तेथे त्याला गहिनीनाथ भेटले. ब्रह्मगिरीवरच्या गंगाद्वाराच्या परिसरात नाथपंथाच्या खुणा आजही आहेत, आणि हा अनुग्रह त्या डोंगरावर झाला असे परंपरा मानते. आदिनाथ, मत्स्येंद्रनाथ, गोरक्षनाथ, गहिनीनाथ आणि मग निवृत्तिनाथ, अशी ही माळ ज्ञानेश्वरीच्या शेवटी ज्ञानदेवांनीच गुंफली आहे.

तेथेच त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली आहे. गहिनीनाथांनी निवृत्तिनाथांना आज्ञा केली, ती काय? गुहेत राहा, समाधी लाव, अशी केली नाही. कलीने गिळलेल्या जीवांच्या मदतीला वेगाने धावून जा, अशी केली. आदिनाथांपासून चालत आलेले ज्ञान तुझ्या हाती दिले आहे, ते घेऊन लोकांकडे जा. म्हणजे डोंगरावर दिवा मिळाला, पण तो पेटवला होता खालच्या माणसांसाठी. वेट यांच्या तापसाची नजर खाली का आहे, याचे याहून चांगले उत्तर मला सापडलेले नाही.

निवृत्तिनाथांनी आज्ञा पाळली कशी, तेही पाहा. दिवा त्यांनी धाकट्या भावाच्या हाती दिला. शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, नेवाशाला ज्ञानदेवांनी गीतेचा अर्थ मराठीत सांगितला. तेव्हा रूढ कालगणनेप्रमाणे निवृत्तिनाथ सतरा वर्षांचे आणि ज्ञानदेव पंधरा वर्षांचे. गुरू स्वतः श्रोता होऊन समोर बसला. ज्ञानेश्वरीत अशा जागा आहेत, की ज्ञानदेव गुरुस्तवनात रंगून जातात आणि निवृत्तिनाथ त्यांना आवरतात: आता हे पुरे, ग्रंथाचा अर्थ पुढे सांग. केवढी मोठी गोष्ट आहे ही! आपली स्तुती चालू असताना ती थांबवायची, कारण समोरचा श्रोता अर्थासाठी खोळंबला आहे. संस्कृतात बंद असलेले ज्ञान मराठीत आले, तेव्हा झग्याआडचा कंदील बाहेर आला. आणि तापसाला पांढरी दाढी असावीच लागते असेही नाही, हे त्या सतरा वर्षांच्या मुलाने दाखवून दिले.

एकांतावर येथे एक आक्षेप येतो. माणसे एकांतात जातात ती पुष्कळदा दुखावली गेल्यामुळे. ते खरेच आहे. लोकांच्या बोलण्याने व्यथित होऊन ज्ञानदेवही ताटी लावून आत बसले, असे परंपरा सांगते. तेव्हा दाराबाहेर उभी राहिली ती धाकटी मुक्ताई. तिचे ताटीचे अभंग आपण म्हणतो ते याचसाठी, की आत गेलेल्या माणसाला बाहेर बोलावणारे कोणीतरी असावे लागते. एकांत वाईट नाही. निवृत्तिनाथांची गुहा आणि ज्ञानदेवांची ताटी दोन्ही आपल्या परंपरेत आहेत. पण दोन्ही ठिकाणी कथा बाहेर येण्याने पूर्ण होते.

निवृत्तिनाथांच्या आयुष्याचा शेवट मला या पत्त्यापेक्षाही मोठा वाटतो. 1296 च्या कार्तिकात आळंदीला ज्ञानदेवांनी समाधी घेतली. मार्गशीर्षात सासवडला सोपानदेव गेले. 1297 च्या वैशाखात तापीकाठी मुक्ताई गेली. तिन्ही धाकट्या भावंडांना निरोप देऊन थोरला भाऊ ज्येष्ठात त्र्यंबकला परत आला आणि येथेच समाधिस्थ झाला. आपल्या हाताने लावलेले दिवे एकामागून एक आपल्याच डोळ्यांसमोर शांत होताना पाहणे, हे फार कठीण आहे. तरी उजेड गेला नाही. पौष वद्य एकादशीला कडाक्याच्या थंडीत दिंड्या पायी त्र्यंबकला येतात, ज्येष्ठात नाथांची पालखी पंढरीला निघते. सातशे वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी त्या दिव्यावरून दिवा लावणे चालू आहे.

आज शहरांत तरुण मुलेमुली मोबाईलवरही टॅरोचे पत्ते काढतात. तापस आला, की त्यांना सांगितले जाते: थोडे एकटे राहा, मोठे निर्णय घेऊ नका. मी त्या मुलांची चेष्टा करणार नाही. नोकरी, लग्न, आजारपण यांच्या काळजीने माणूस कुठेतरी आधार शोधतो. त्र्यंबकला देशभरातून माणसे येतात तीही अशीच काळजी घेऊन. पण पत्त्याला भविष्य कळत नाही. उद्या काय होणार, हे तो सांगू शकत नाही. चित्र म्हणून तो एक चांगला प्रश्न मात्र विचारतो. माझे काय होणार, असे आपण त्याला विचारतो. तो उलट विचारतो, तुझ्याजवळ जो उजेड आहे तो कोणाच्या वाटेवर पडतो आहे?

या प्रश्नाचे उत्तर द्यायला संत असावे लागत नाही. गणित येणाऱ्याने शेजारच्या मुलाला गणित शिकवावे. संकटातून सावरलेल्याने आज त्याच संकटात असलेल्याला दोन शब्द सांगावेत. सुईणीला, गवंड्याला, वैद्याला, कीर्तनकाराला जे येते ते त्यांनी पुढच्या पिढीच्या हाती द्यावे. आणि घरात कोणी ताटी लावून बसले असेल, तर मुक्ताईसारखे दाराशी उभे राहावे.

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी आपल्यापैकी पुष्कळजण ब्रह्मगिरीची फेरी घालतील. माझी एकच विनंती आहे. फेरी पूर्ण करून घरी गेलात, की आपल्याला येणारी एक तरी गोष्ट आपल्याहून धाकट्या कोणाला तरी शिकवायला सुरुवात करा. निवृत्तिनाथांच्या गावात राहणाऱ्यांवर एवढे ऋण निश्चित आहे.