पाट्यावरचा ज्वालामुखी



शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात ज्वालामुखी हमखास असतो. मातीचा शंकू, पोटात खाण्याचा सोडा, वरून व्हिनेगर, की लाल फेस उसळतो. भूगोल शिकवताना मीही बरीच वर्षं हेच केलं. मुलं खूश, मीही खूश. पण त्या फेसात ना उष्णता, ना दगड. आठवीतल्या मुलाच्या मनात एवढंच बसतं, की ज्वालामुखी म्हणजे तोंड असलेला डोंगर, आणि तो असतो जपानात नाहीतर इटलीत.

आता मी वर्गात पाटा-वरवंटा नेतो. हा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, कधीकाळी अकराशे अंशांच्या आसपास तापलेला रस होता म्हटलं, की मुलं हळूच पाट्यावर हात ठेवून बघतात!

मग काकवी. एका वाटीत गरम, दुसरीत गार. दोन्ही तिरप्या ताटात ओतायच्या. गरम काकवी सरसर पसरते, गार जागीच रेंगाळते. आपल्याकडचा लाव्हा पहिल्या जातीचा, पातळ. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी तो पुन्हा पुन्हा वाहिला, थरावर थर चढले. झीज होऊनही आज तो सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. १,६४६ मीटर उंचीचं कळसूबाई त्याच थरांतून कोरलं गेलं; वेरूळची लेणीही त्यातच.

सहल निघाली तर घाटात गाडी जरा थांबवावी. कापलेल्या दरडीत काळ्या थरांमध्ये गेरूसारखे लाल पट्टे दिसतात. दोन उद्रेकांमध्ये उसंत मिळाली, पृष्ठभागाची माती होऊ लागली, तिच्यावर पुढचा लाव्हा आला आणि ती भाजून निघाली. वीटभट्टी पाहिलेल्या मुलांना हे वेगळं समजावावं लागत नाही.

प्रश्न मात्र दरवर्षी एक ठरलेला: “सर, मग ह्याचं तोंड कुठंय?” कुणीतरी लगेच लोणारचं नाव घेतं. लोणारचं विवर उल्केच्या आघाताचं, ते ह्यात धरायचं नाही. आपला लाव्हा आला जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून. धुळे-नंदुरबारकडे गेलात तर माळावर काळ्या दगडाच्या सरळ रांगा दिसतील, कुणी भिंत बांधून अर्धवट सोडावी तशा. भेगांमध्येच थिजून राहिलेला रस तो. आजूबाजूचा खडक झिजला आणि ह्या भिंती उघड्या पडल्या.