पहिल्या आठवड्यात उतरतं ते पाणी

लातूरच्या डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं दोन वेळच्या जेवणाचं डाएट गाजलं, तेव्हापासून मराठवाड्यात वजनाच्या गप्पा चालूच आहेत. आता लो-कार्ब. आमच्या कुरुंद्यात भाकरीशिवाय जेवण झालं असं कुणी मानत नाही, तिथंही पोरं भाकरी-भात सोडतायत. आठवड्यात दोन-तीन किलो उतरले की लगेच स्टेटस! दुसऱ्या आठवड्यात काटा हलत नाही, आणि गडी डाएटच सोडून देतो.

होतं काय बघा. लिव्हर आणि स्नायूंत मिळून साधारण अर्धा किलो ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर असते. तिच्या प्रत्येक ग्रॅमसोबत तीनेक ग्रॅम पाणी. कार्ब्स कमी केले की आधी हाच साठा रिकामा होतो. इन्सुलिन उतरलं की किडनी मीठही जास्त बाहेर टाकते, मिठामागे पाणी. म्हणून सारखी लघवी, डोकेदुखी, गळाल्यासारखं वाटणं.

चरबीचा हिशोब वेगळा. एक किलो चरबी म्हणजे जवळपास 7,700 कॅलरी. रोज 500 कमी खाल्ल्या तर आठवड्याला अर्धा किलो, बस्स. आणि लग्नात पुरणपोळी खाऊन सकाळी काटा किलोभर वर गेला, तर ते बहुतेक पाणीच परत आलंय.

एक मात्र ऐका. घरात कुणाला शुगरची किंवा बीपीची गोळी चालू असेल, तर त्यांची भाकरी परस्पर बंद करू नका. जेवण बदललं आणि गोळी तेवढीच राहिली, तर शुगर किंवा बीपी एकदम खाली येऊ शकतं. आधी डॉक्टरांना विचारा.

तुमचा काटा? आठवड्यातून एकदा, सकाळी उपाशीपोटी. पहिला आठवडा हिशोबात धरूच नका.